उन्हाचा हिशेब आणि सावलीची लांबी

शहरी मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत दोन वैद्यकीय सल्ले एकाच वेळी रुळले आहेत. घराबाहेर पडण्यापूर्वी सनस्क्रीन लावावे, असे त्वचाविकारतज्ज्ञ सांगतात, आणि रक्ताचा अहवाल पाहून नेहमीचे डॉक्टर सांगतात की ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, थोडे उन्हात बसत जा. दोन्ही सल्ल्यांना शास्त्राचा आधार आहे. परंतु तो आधार कोणत्या त्वचेच्या, कोणत्या अक्षांशावर राहणाऱ्या माणसांच्या अभ्यासातून आला आणि तो अभ्यास कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत होता, हे पाहिल्याशिवाय महाराष्ट्रातील वाचकाला त्यातून स्वतःपुरता निर्णय काढता येत नाही. उन्हाचा तोटा आणि फायदा त्वचेच्या रंगाप्रमाणे आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, आणि जाहिरातींतून व वृत्तपत्रांतून पोहोचणारे बहुतेक इशारे गोऱ्या त्वचेचा हिशेब धरून लिहिलेले असतात.

सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्वचेवर सर्वाधिक परिणाम घडवतात, त्यांना अतिनील किरण म्हणतात आणि तरंगलांबीनुसार त्यांचे तीन गट पडतात. सर्वांत आखूड तरंगलांबीचे यूव्हीसी किरण वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीबी किरणांचा मोठा भाग ओझोनच्या थरात शोषला जातो. तर ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण जवळजवळ विनाअडथळा खाली येतात, त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा त्यांचाच असतो. यूव्हीबी थोडे असले तरी जहाल असतात: त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या डीएनएला थेट इजा करणारे, त्वचा भाजून लाल करणारे आणि त्याच वेळी ड जीवनसत्त्वाची निर्मिती सुरू करणारे किरण हेच. यूव्हीए त्वचेत अधिक खोल उतरतात, तिला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची हानी करतात आणि रंग गडद करतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्णपणे अडवते, पण यूव्हीएचा बराच भाग आत येऊ देते, म्हणून बंद काचेमागे उन्हात बसणाऱ्याची किंवा दिवसभर गाडी चालवणाऱ्याची त्वचा काळवंडू शकते, मात्र त्याला ड जीवनसत्त्व मिळत नाही.

उन्हाचा हाडांशी संबंध आहे हे वैद्यकाला जीवनसत्त्वाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी जाणवले होते. मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा जो रोग मराठीत मुडदूस म्हणून ओळखला जातो, तो वॉर्सा शहरातल्या मुलांत अधिक आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांत कमी दिसतो, असे पोलिश वैद्य येंजेय श्न्यादेत्स्की यांनी १८२२ साली नोंदवले. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण देऊन ती बरी होतात हे दाखवले. त्वचेत असलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपावर यूव्हीबी पडले की त्यापासून ड जीवनसत्त्वाचा कच्चा रेणू बनतो, शरीराच्या उष्णतेने तो पक्का होतो, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन ते वापरण्याजोगे होते. ऊन जास्त झाले तर हाच कच्चा रेणू इतर निरुपद्रवी पदार्थांत बदलतो, त्यामुळे उन्हातून मिळालेल्या ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. गोळ्या आणि पुड्यांना ही सोय नाही, आणि औषधाच्या दुकानात सहज मिळणारी ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेत राहिल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

आता प्रश्न येतो तो वेळेचा, आणि इथे घरोघरी चालत आलेली एक समजूत तपासावी लागते. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते असे महाराष्ट्रात सर्रास मानले जाते. बाळाला तेल लावून सकाळी सातच्या उन्हात धरणे, वृद्धांनी उगवतीकडे तोंड करून ओट्यावर बसणे यामागे हीच श्रद्धा असते. पण ती टिकत नाही, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून लांबचा तिरका प्रवास करावा लागतो आणि त्या प्रवासात यूव्हीबी जवळजवळ सगळे गळून जातात. याची खूण ओळखायला उपकरण लागत नाही. जमिनीवर पडलेली आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते तयार होऊ लागते, कारण तेव्हा सूर्य ४५ अंशांहून वर आलेला असतो. मुंबईत मेच्या मध्यावर, जेव्हा शून्य सावलीचा दिवस येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच नाहीशी होते, तेव्हा अशी आखूड सावली सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होऊन दुपारी पावणेचारपर्यंत टिकते. डिसेंबरच्या अखेरीस हीच मुदत आकसून साधारण साडेअकरा ते पावणेदोन एवढीच उरते. नागपूर अधिक उत्तरेला असल्यामुळे तिथे त्या दिवसांत सूर्य दुपारीसुद्धा ४५ अंशांची रेषा जेमतेम ओलांडतो, तर कोल्हापुरात तो तिच्या बराच वर चढतो. सारांश असा की महाराष्ट्रात बाराही महिने हे ऊन उपलब्ध आहे, पण ते मिळते तेव्हा शहरातली बहुतेक माणसे छपराखाली असतात.

कोवळे ऊन म्हणून निरुपयोगी ठरत नाही. सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरला की मेंदूतील जैविक घड्याळ दिवसाशी जुळते आणि रात्रीची झोप वेळेवर येण्यास मदत होते. नवजात अर्भकाच्या काविळीवर प्रकाशातील निळ्या भागाचा उपयोग होतो, हे १९५०च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या बारीक निरीक्षणातून पुढे आले आणि आजच्या निळ्या दिव्यांच्या उपचाराची सुरुवात तिथे झाली. अर्थात काविळीच्या बाळाला रुग्णालयात न नेता उन्हात धरणे घातक आहे, आणि बाळाच्या हाडांसाठी बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देण्यास सांगतात, तेही कोवळ्या उन्हावर विसंबून टाळू नयेत.

त्वचेचा रंग ज्या द्रव्यामुळे ठरतो ते मेलॅनिन मुळात ऊन अडवणारे द्रव्य आहे. काळ्या त्वचेच्या वरच्या थरातून सुमारे ७ टक्के यूव्हीबी आत उतरतात, गोऱ्या त्वचेतून सुमारे २४ टक्के, असे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मोजणीत दिसले. भारतीय गव्हाळ-सावळा वर्ण या दोन टोकांच्या मध्ये बसतो. हार्वर्डचे त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात भाजण्याच्या व काळवंडण्याच्या प्रवृत्तीवरून त्वचेचे जे वर्गीकरण सुरू केले, त्यात प्रथम फक्त गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते आणि पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडला गेला. बहुसंख्य भारतीय त्यांतल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. मेलॅनिनच्या या संरक्षणाचा मोबदलाही द्यावा लागतो: तेवढेच ड जीवनसत्त्व बनवायला सावळ्या त्वचेला अधिक वेळ ऊन लागते. पुण्यातील संशोधकांनी परिसरातील पुरुषांचा अभ्यास केला तेव्हा, रक्तातील पातळी किमान समाधानकारक राहण्यासाठी नेहमीच्या कपड्यांत, दुपारच्या वेळचे, रोज तासाभराहून अधिक ऊन लागते असे आढळले. युरोपीय लेखांतून उतरवलेला ‘आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे’ हा सल्ला येथे अपुरा पडतो तो यामुळेच. तिरुपती परिसरात सी. व्ही. हरिनारायण यांनी केलेल्या अभ्यासांत शेतात राबणाऱ्या ग्रामीण लोकांत ड जीवनसत्त्वाची पातळी शहरवासीयांपेक्षा वरची होती, हेही याच्याशी जुळते.

सनस्क्रीनच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातून आला आहे. तेथील क्वीन्सलँड प्रांतातल्या नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर ॲडेल ग्रीन यांनी एक चाचणी केली, ज्यात निम्म्या लोकांनी डोके, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायचे आणि उरलेल्यांनी आपल्या सवयीप्रमाणे वागायचे असे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने ठरवले होते. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या खवलेपेशींचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला, आणि पुढची दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर रंगपेशींचा घातक कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, रोज लावणाऱ्या गटात ११ जणांना तर दुसऱ्यात २२ जणांना झालेला दिसला. जिथे सत्तरी गाठेपर्यंत तीनपैकी दोन जणांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो, त्या देशासाठी हे मोलाचे निष्कर्ष आहेत. पण तिथली बहुसंख्य माणसे ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली घडलेली गोरी त्वचा घेऊन उष्ण कटिबंधाच्या उन्हात राहायला आलेल्यांची वंशज आहेत. भारतात नोंदल्या जाणाऱ्या कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेत मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. पायाच्या तळव्यावर वाढणारा काळा डाग दुर्लक्षित राहणे हा भारतीय रुग्णाचा खरा धोका आहे, आणि कोणतीही सनस्क्रीन तो टाळू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाने हा फरक स्वतः मान्य केला आहे. १९८१ पासून अंगात सदरा, अंगावर क्रीम, डोक्यावर टोपी असा एकच संदेश सर्वांना देणाऱ्या त्या देशातील कर्करोग व त्वचारोग संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित निवेदनात लोकांचे त्वचेप्रमाणे तीन गट केले, आणि गडद तपकिरी ते काळ्या त्वचेच्या लोकांना, दोन तासांहून अधिक सलग बाहेर राहायचे नसेल तर, नेहमीच्या सूर्यसंरक्षणाची गरज नाही असे लिहिले. सनस्क्रीनने ड जीवनसत्त्व कमी होत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्याला जुन्या, कमी क्षमतेच्या उत्पादनांवरच्या चाचण्यांचा आधार होता. ५०हून अधिक क्षमतेची सनस्क्रीन वर्षभर नियमित लावणाऱ्यांत कमतरता काहीशी जास्त आढळते, असे तेथील अलीकडच्या चाचणीत दिसून आले आहे.

मग सावळ्या त्वचेला सनस्क्रीन अनावश्यक आहे काय? कर्करोगाच्या दृष्टीने बहुतेकांना, होय. पण चेहऱ्यावरचा वांग ही वेगळी गोष्ट आहे. गरोदरपणात किंवा संप्रेरकांच्या गोळ्यांमुळे गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर येणारे हे तपकिरी डाग उन्हाने गडद होतात, उपचारांनी फिके पडले तरी उन्हात गेले की परततात, आणि कित्येक स्त्रिया त्यांपायी वर्षानुवर्षे मनस्ताप सोसतात. ही सौंदर्याची हौस म्हणून झटकून टाकण्याजोगी बाब नाही. सावळ्या त्वचेला केवळ अतिनील किरणच नव्हे तर साधा दिसणारा प्रकाशही काळवंडवतो, तर गोऱ्या त्वचेवर तसा परिणाम होत नाही, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सिद्ध झाले. पारदर्शक सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश अडवत नाही. त्यासाठी लोहाची ऑक्साइडे घातलेली, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेली सनस्क्रीन लागते. वांगाच्या रुग्णाने महागड्या परदेशी नावापेक्षा ही छटा पाहून खरेदी करावी, एवढी एक गोष्ट जरी सर्वांपर्यंत पोहोचली तरी पुष्कळ पैसा आणि निराशा वाचेल.

डब्यावरचा एसपीएफचा आकडा यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा असतो. ३० एसपीएफ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा आत जातो, ५० म्हणजे पन्नासावा. टक्क्यांत सांगायचे तर ९७ आणि ९८, म्हणजे किमतीतला फरक दिसतो तेवढा संरक्षणात नसतो. यूव्हीएसाठी जपानी पद्धतीची पीए ही खूण आणि तिच्यापुढची अधिकची चिन्हे पाहावीत. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन काढलेले असतात. या मापाने प्रौढ माणसाचे सगळे अंग माखायला एका वेळी तीसेक ग्रॅम सनस्क्रीन लागते, म्हणजे दुकानात मिळणारी ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळाही पुरत नाही. नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी व मधल्या बोटावर टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघांइतके क्रीम लागते. प्रत्यक्षात लोक याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, आणि मग ५०चा आकडा कागदावरच राहतो. आकडाही दर वेळी खरा असेलच असे नाही: चॉइस या ऑस्ट्रेलियन ग्राहक संस्थेने २०२५ साली २० उत्पादने तपासली, तेव्हा १६ उत्पादने स्वतःच्या दाव्याला उतरली नाहीत. तिथे बहुतेक सनस्क्रीन औषधासारख्या नियमांखाली येतात. भारतात त्या सौंदर्यप्रसाधने म्हणून विकल्या जातात.

सनस्क्रीनमधील रसायने शरीरात जातात काय, या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ऑक्सिबेन्झोन, अव्होबेन्झोन यांसारखे घटक त्यांच्या सुरक्षितता-चाचणीच्या उंबरठ्यापेक्षा अधिक प्रमाणात रक्तात आढळले. यातून अपाय सिद्ध होत नाही, अधिक तपासणी हवी एवढेच सिद्ध होते. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या खनिज घटकांना त्याच प्रशासनाने सुरक्षित गटात ठेवले आहे. गरोदर स्त्रियांनी आणि मुलांसाठी पालकांनी खनिज सनस्क्रीन निवडली तर ही शंकाच उरत नाही, फक्त सावळ्या चेहऱ्यावर तिचा पांढरट थर दिसतो.

उन्हाचा फायदा ड जीवनसत्त्वापाशी संपत नाही, हे अलीकडच्या संशोधनातील सर्वांत लक्षवेधी सूत्र आहे. एडिंबरा विद्यापीठातील रिचर्ड वेलर यांनी दाखवले की यूव्हीए पडल्यावर त्वचेत साठलेले नायट्रिक ऑक्साइड रक्तात उतरते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब किंचित कमी होतो. दक्षिण स्वीडनमधील सुमारे २९,५०० स्त्रियांची वीस वर्षे नोंद ठेवली गेली, तेव्हा ऊन टाळणाऱ्यांचा मृत्युदर भरपूर ऊन घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. निरोगी माणसे मुळातच जास्त बाहेर पडतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. दुसरीकडे अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी नव्याने होणारे कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत, असे २०१८ साली जाहीर झाले. गोळी ही उन्हाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, या शंकेला त्यामुळे बळ मिळते. मुलांच्या डोळ्यांचीही बाब आहे: चीनमधील ग्वांगझोऊच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या प्रकाशात नेले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टीचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांऐवजी ३० टक्के राहिले. मैदान नसलेल्या इमारतींतून शाळा भरवणाऱ्या शहरांनी हा निष्कर्ष फार गांभीर्याने घ्यायला हवा.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा निघतो की चेहरा आणि बाकीचे शरीर यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. वांग, सुरकुत्या आणि काळे डाग चेहऱ्यावर येतात, पण शरीराच्या एकूण त्वचेत चेहऱ्याचा वाटा फारच थोडा असतो. त्यामुळे चेहरा सनस्क्रीनने, टोपीने किंवा छत्रीने झाकून हात-पाय उघडे ठेवल्यास ड जीवनसत्त्वाचे फारसे बिघडत नाही. पुण्यातील दुचाकीस्वार तरुणी चेहऱ्याला स्कार्फ, अंगात सनकोट आणि हातांत कोपरापर्यंतचे मोजे घालून निघतात, तेव्हा चेहऱ्याचे रक्षण होते, पण ज्या हातांना उन्हाची गरज होती तेही झाकले जातात, आणि त्यामागे आजाराच्या भीतीपेक्षा काळे पडण्याची, म्हणजे लग्नाच्या बाजारात उतरती किंमत लागण्याची भीती अधिक असते. सनस्क्रीनच्या जाहिराती ही भीती जोपासतात. ती खोडून काढणे हे वैद्यकाचेही काम आहे.

काहींसाठी मात्र काटा स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला झुकतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच मेलॅनिन बनत नाही अशांना भारतातही उन्हाने कर्करोग होतो, आणि त्यांना लांब बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, टोपी व सनस्क्रीन आयुष्यभर अत्यावश्यक आहे. ल्युपसचे रुग्ण, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि कोडाचे पांढरे डाग असलेले यांनाही संरक्षण हवे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबावरची हायड्रोक्लोरोथायाझाइड ही औषधे त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. उलट लंडन, टोरांटो येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गोऱ्या शेजाऱ्यांची सनस्क्रीनची शिस्त उचलण्याआधी ग्लासगोतील भारतीय-पाकिस्तानी मुलांत १९६०च्या दशकात मुडदूस परतल्याची नोंद आठवावी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात यूव्हीबी जवळजवळ नसतात, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असे तेथील आरोग्य विभागच सांगतो.

उन्हाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धोका तर अतिनील किरणांचा नाहीच, तो उष्णतेचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारपर्यंत उघड्यावर बसलेल्या जनसमुदायातील १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ऊस तोडणारे, रस्त्यावर डांबर टाकणारे, बांधकामावर विटा वाहणारे आणि चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस यांना ड जीवनसत्त्वासाठी उन्हात जायला सांगावे लागत नाही, आणि त्यांच्या अंगातील उष्णता कोणत्याही क्रीमने उतरत नाही. त्यांना सावली, पिण्याचे पाणी आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार कामाला सुट्टी हवी आहे. शहरांचे उष्णता कृती आराखडे तयार होतात, त्यांत या गोष्टी लिहिलेल्याही असतात; त्या कामाच्या ठिकाणी पाळल्या जातात की नाही, हे विचारण्याचे काम महापालिकांनी, ठेकेदारांना काम देणाऱ्या सरकारी खात्यांनी आणि या मजुरांनी उभारलेल्या इमारतींत घरे घेणाऱ्या नागरिकांनी येत्या उन्हाळ्याच्या आधी हाती घ्यावे.